सेरेंगेटी, फेब्रुवारी 1958

तांबडं फुटायच्या आतच सेरोनेराच्या मुक्कामावरून तुमची लँड रोव्हर निघते. टँगानिका अजून ब्रिटिश अमलाखाली आहे. वायरलेसवरून सिंहाचा ठावठिकाणा कळवणारं इथे कुणी नाही, आणि सिंह दिसलाच तरी त्याच्याभोवती वीस गाड्यांचं कोंडाळं जमायचं नाही. ड्रायव्हर ‘हबारी’ म्हणतो, तुम्ही ‘न्झुरी’ म्हणता, आणि गाडी आग्नेयेकडच्या माळाला लागते. वाटेत खडकाळ टेकाडावर एक सिंहीण बछड्यांना पाजत पडलेली दिसते. थोडं थांबता आणि पुढे जाता. आज तुम्हाला वाइल्डबीस्टची वीण पाहायची आहे.

माळावर झाड म्हणून नाही. ज्वालामुखींच्या राखेची ही जमीन. खाली थर इतका कठीण की झाडाची मुळं शिरत नाहीत. वर घोट्याएवढं गवत. पण त्या गवतात कॅल्शियम आणि फॉस्फरस भरपूर, म्हणून पाऊस झाला की गाभण माद्या इथेच येतात.

पन्नासेक पावलांवर एक मादी आडवी होते, उठते, चार पावलं चालते, पुन्हा आडवी होते. आधी पुढचे दोन खूर दिसतात, मग नाक. तुम्ही श्वास रोखून धरता तोवर ओलं, तांबूस वासरू गवतावर घसरतं. ते मागचे पाय उचलतं आणि तोंडावर आपटतं. पुन्हा उचलतं, पुन्हा आपटतं. आई चाटत राहते, मधूनच मान वर करून वारा हुंगते. पलीकडे एक तरस बसल्या जागेवरून उठलंय. पाच-सात मिनिटं जातात आणि वासरू उभं राहतं, चारी पाय फाकून, थरथरत. आईची वार अजून पडलेली नाही. ती तशीच लोंबत असताना आई धावू लागते आणि वासरू तिच्या कुशीला चिकटून धावतं. तरस थोडं पळतं आणि दुसऱ्या मादीकडे वळतं. बहुतेक वासरं दोन-तीन आठवड्यांत एकदमच जन्मतात. तरसं, सिंह, कोल्हे खाऊन खाऊन किती खातील? त्या गर्दीतच त्यांचा बचाव आहे.

मात्र गर्दी तुम्ही चित्रांतून पाहिली तशी नाही. कळप दिसतात, पण मध्ये मैलोन् मैल माळ रिकामा पडलेला. जुन्या काळी जंगलं भरलेली होती, हे आपण किती सहज धरून चालतो!

तेवढ्यात डोक्यावर घरघर होते. झेब्र्यासारखे पट्टे रंगवलेलं छोटं विमान कमी उंचीवरून उडत जातं. आत फ्रँकफर्टच्या प्राणिसंग्रहालयाचे संचालक बर्नहार्ड ग्झिमेक आणि त्यांचा मुलगा मायकेल आहेत. पट्ट्यापट्ट्यानं माळ विंचरून ते जनावरं मोजताहेत. त्यांच्या गणतीत वाइल्डबीस्ट भरतील लाखाच्या आसपास. जानेवारी 1959 मध्ये हेच विमान गिधाडाला धडकून कोसळणार आहे आणि त्यात मायकेल जाणार आहे. तुम्ही हात हलवता. याहून जास्त काही तुमच्या हातात नसतं.

रिकाम्या माळामागचं कारण महाराष्ट्रातल्या जुन्या शेतकऱ्याला चटकन कळेल: बुळकांडी. 1880 च्या दशकाच्या अखेरीस ती बाहेरून आणलेल्या गुरांबरोबर पूर्व आफ्रिकेत उतरली. मसाईंचे गोठे ओस पडले, माणसं उपासमारीनं मेली, आणि वाइल्डबीस्ट-रेडेही गेले. ती साथ 1958 मध्येही पुरती गेलेली नाही. आज उभं राहिलेलं ते वासरू आईचं दूध तुटल्यावर, पहिल्या वर्षातच तिला बळी पडू शकतं.

दुपारी न्गोरोंगोरोच्या बाजूला जाताना मसाईंची गुरं दिसतात, मुद्दाम वरच्या उतारावर. वाइल्डबीस्टच्या वासरांपासून गुरांना एक जीवघेणा ताप लागतो, हे मसाईंना केव्हापासून ठाऊक आहे. म्हणून विणीच्या दिवसांत खालचं उत्तम गवत ते सोडून देतात. एक पोरगा काठीवर रेलून तुमच्याकडे पाहतो. त्याच्या गाईंना बुळकांडीची लस टोचण्याची मोहीम या मुलखात चालू आहे. जंगलातल्या एकाही जनावराला कुणी सुई लावणार नाही. गुरांमधला रोग हटला की 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला तो रानातूनही हटेल, आणि 1977 पर्यंत वाइल्डबीस्ट 13 लाखांच्या आसपास जातील. आज जगभरचे प्रवासी ज्याला अनादी आफ्रिका समजून पाहतात, तो महापूर या पोराच्या गोठ्यातून सुरू झालाय.

आणि याच वर्षी त्याच्या वडीलधाऱ्यांकडून सेरेंगेटी राष्ट्रीय उद्यानातला राहण्याचा हक्क सोडून देणाऱ्या करारावर संमती घेतली जाणार आहे. मसाई इथून न्गोरोंगोरोकडे हलवले जातील. हा अन्याय होता, आणि त्या 13 लाखांच्या आकड्याशेजारी तो लिहिलाच पाहिजे.