प्रत्यारोपित मूलपेशींचा एमआरआयद्वारे मागोवा

प्रत्यारोपित मूलपेशींचा एमआरआयद्वारे मागोवा ही शरीरात सोडलेल्या मूलपेशी कोठे पोहोचल्या हे शस्त्रक्रियेविना पाहण्याची पद्धत आहे. मेंदू, हृदय इत्यादींवरील पेशी-उपचारांच्या संशोधनात ती वापरली जाते. तीत क्ष-किरणांचा वापर होत नसल्याने तपासणी वारंवार करता येते.

कार्यपद्धती

मूलपेशी व भोवतालच्या ऊती यांचे संकेत जवळजवळ सारखेच असल्याने पेशी आधी चिन्हांकित कराव्या लागतात. त्यासाठी प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींमध्ये लोह ऑक्साइडाचे अतिसूक्ष्म कण मिसळतात व पेशी ते आत घेतात. प्रत्यारोपणानंतर या कणांमुळे चुंबकीय क्षेत्रात स्थानिक बदल होतो, लगतच्या पाण्यातील हायड्रोजनचा संकेत लवकर क्षीण होतो आणि प्रतिमेत त्या जागी काळा डाग दिसतो.

इतिहास

२००२ मध्ये जर्मनीतील संशोधकांनी पक्षाघात घडवलेल्या उंदरांच्या मेंदूत निरोगी बाजूस भ्रूणीय मूलपेशी सोडल्या; त्या इजा झालेल्या बाजूकडे सरकल्याचे एमआरआयमध्ये दिसले. २००५ मध्ये नेदरलँड्समधील नायमेखन येथे त्वचेच्या कर्करोगाच्या आठ रुग्णांना चिन्हांकित प्रतिकारपेशी (डेन्ड्रिटिक पेशी) टोचण्यात आल्या. सोनोग्राफीच्या साहाय्याने टोचूनही निम्म्या रुग्णांत त्या लसीकाग्रंथीत पोहोचल्या नव्हत्या, हे एमआरआयमुळे उघड झाले. २००६ मध्ये शांघाय येथील वैद्यांनी मेंदूला इजा झालेल्या रुग्णातील चेतामूलपेशींच्या स्थलांतराचे निरीक्षण प्रसिद्ध केले.

मर्यादा

काळा डाग लोहाचे अस्तित्व दाखवतो, पेशी जिवंत असल्याचे नव्हे. पेशी मेल्यास तिच्यातील लोह भक्षकपेशी गिळतात व डाग तसाच राहतो. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, उंदरांच्या हृदयावरील अभ्यासात चार आठवड्यांनंतरचा संकेत मुख्यतः अशा भक्षकपेशींमधून येत असल्याचे आढळले. त्यामुळे केवळ डागावरून उपचार यशस्वी ठरवल्यास दिशाभूल होऊ शकते. याउलट जिवंत पेशींचे विभाजन होताना लोह विभागले जाऊन संकेत मंदावतो. जुन्या रक्तस्रावातील लोहही तसाच डाग निर्माण करते.

पर्यायी पद्धती

फ्लोरिनयुक्त संयुगांनी पेशी चिन्हांकित केल्यास शरीरातील ऊतींचा अडथळा येत नाही, कारण मऊ ऊतींमध्ये फ्लोरिन नगण्य असते. मात्र या पद्धतीची संवेदनशीलता कमी आहे. दुसऱ्या पद्धतीत फेरिटिन या लोह साठवणाऱ्या प्रथिनाचे जनुक पेशीत घालतात. ते प्रथिन जिवंत पेशीच तयार करतात व जनुक कन्यापेशींतही उतरते.