हॅकिंगची तालीम

मराठीत 'तालीम' म्हटलं की लाल माती, दंड-बैठका आणि कोल्हापूर डोळ्यांसमोर येतं. उर्दूत तोच शब्द शिक्षणासाठी वापरतात, आणि मूळ अरबी अर्थही शिकवणं हाच. दोन्ही भाषा शिकवत असल्यामुळे या शब्दाशी माझी रोजची गाठ. पण दोन्ही अर्थ एकाच वेळी लागू पडावेत अशी जागा मला सापडली ती संगणकाच्या जगात: विद्यापीठांतल्या विद्यार्थ्यांसाठी होणाऱ्या सायबर सुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांमध्ये. त्यांना 'कॅप्चर द फ्लॅग' म्हणतात, म्हणजे झेंडा पळवणं. पोरं नुसतं सीटीएफ म्हणतात.

माझं लक्ष तिकडे वळलं ते एका पालकामुळे. त्यांचा मुलगा माझ्याकडे उर्दू माध्यमात शिकला, आता अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. वडील म्हणाले, "सर, पोरगं हॅकिंगच्या स्पर्धेत नाव घालतो म्हणतंय. परदेशातल्या विद्यापीठाची आहे म्हणे. उद्या पोलीस दारात आले तर? आपलं नाव ऐकूनच लोक अर्धा निकाल लावून टाकतात." ही भीती हसण्यावारी नेण्यासारखी नाही. हॅकिंग हा शब्द वर्तमानपत्रात बहुधा गुन्ह्याच्या बातमीतच येतो, आणि त्यात आपल्या वस्तीतल्या पोराचं नाव आलं तर ते पुसायला वर्षं जातात. त्यांना धड उत्तर देता यावं म्हणून मी या स्पर्धांचा इतिहास शोधायला बसलो.

सुरुवात मी एका गुन्ह्यापासून करतो. 2 नोव्हेंबर 1988 रोजी अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या रॉबर्ट मॉरिस या विद्यार्थ्याने एक छोटा प्रोग्रॅम इंटरनेटवर सोडला. तो एका संगणकातून दुसऱ्यात आपोआप पसरत गेला. तेव्हा इंटरनेटवर सगळे मिळून साठ हजारांच्या आसपास संगणक होते. त्यातले सुमारे सहा हजार त्याने जाम केले, असा अंदाज तेव्हा बांधला गेला. मॉरिसवर खटला चालला. तीन वर्षं देखरेखीखाली राहण्याची अट, 400 तास समाजसेवा आणि 10,050 डॉलर दंड अशी शिक्षा झाली. त्याच महिन्यात कार्नेगी मेलन विद्यापीठात संगणकावरच्या हल्ल्यांना तोंड देणारं 'सर्ट' हे केंद्र उभं राहिलं. मॉरिस पुढे एमआयटीत प्राध्यापक झाला. (आपल्याकडच्या एखाद्या पोराला अशी दुसरी संधी मिळाली असती का, हा प्रश्न मला पडलाच.)

त्या पोराकडे डोकं होतं, आखाडा नव्हता. कुस्तीचा डाव रस्त्यावर टाकला तर मारामारी, तालमीत टाकला तर सराव. डाव तोच असतो.

संगणकाचा असा आखाडा आधी हौशी मंडळींनी बांधला. लास व्हेगासमध्ये 1993 पासून 'डेफ कॉन' नावाचा हॅकर लोकांचा मेळा भरतो. तिथे 1996 साली झेंडा पळवण्याची पहिली स्पर्धा झाली. पण तिथे पोहोचायलाच पैसे हवेत. विद्यार्थ्यांच्या दृष्टीने खरा बदल केला तो कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांता बार्बरा इथल्या जिओव्हानी विग्ना या प्राध्यापकाने. हा माणूस मूळचा इटलीचा. सुरक्षेचा विषय शिकवताना त्याने 2001 आणि 2002 मध्ये वर्गातच प्रत्यक्ष हल्ल्याचे आणि बचावाचे सराव घेतले. पोरांना ते इतके आवडले की डिसेंबर 2003 मध्ये त्याने अमेरिकेतल्या इतर विद्यापीठांनाही बोलावलं. 14 संघ आले. आले म्हणजे आपापल्या प्रयोगशाळेत बसून नेटवर्कने जोडले गेले, प्रवासखर्च शून्य. पुढच्याच वर्षी ऑस्ट्रिया, जर्मनी, इटली आणि नॉर्वेचे संघ सामील झाले आणि स्पर्धेचं 'आयसीटीएफ' हे नाव सार्थ ठरलं. त्यातला 'आय' म्हणजे इंटरनॅशनल. 2010 मध्ये 72 संघ आणि 900 च्या आसपास विद्यार्थी एकाच दिवशी एकमेकांशी झुंजत होते. एका मास्तरच्या वर्गातला गृहपाठ कुठवर गेला बघा! मास्तर म्हणून मला याचं विशेष कौतुक.

खेळ असा असतो. प्रत्येक संघाला अगदी सारखा संगणक मिळतो. त्यावर काही सेवा चालू असतात, आणि त्यांत आयोजकांनी मुद्दाम चुका पेरलेल्या असतात. आपल्या संगणकातली चूक शोधून बुजवायची आणि त्याच चुकीतून दुसऱ्याच्या संगणकात शिरून तिथला 'झेंडा', म्हणजे ठरावीक साच्यातली गुप्त अक्षरांची ओळ, उचलून आणायची. थोड्या थोड्या वेळाने नवे झेंडे ठेवले जातात. घाबरून आपली सेवाच बंद करून बसलात तर गुण जातात. हा नियम मला फार आवडला: दार बंद करून बसणं म्हणजे सुरक्षा नव्हे, दुकान उघडं ठेवून राखण करायची.

आता त्या वडिलांच्या प्रश्नाकडे. आपल्या 2000 सालच्या माहिती तंत्रज्ञान कायद्यातली कलमं 43 आणि 66 एकत्र वाचली की रेघ कुठे आहे ते दिसतं. मालकाच्या परवानगीशिवाय त्याच्या संगणकात शिरणं हे मूळ चुकीचं. ते अप्रामाणिकपणे किंवा फसवणुकीच्या हेतूने केलं तर तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. सगळी मेख 'परवानगी' या शब्दात आहे. स्पर्धेत ती आयोजकांनी दिलेली असते, पण फक्त स्पर्धेच्या संगणकांपुरती. स्पर्धेत शिकलेला डाव कॉलेजच्या निकालाच्या संकेतस्थळावर करून पाहिला, तर तो रस्त्यावरचा डाव झाला. मी वडिलांना हेच सांगितलं, आणि मुलाला जरा कडक आवाजात.

दुसऱ्या प्रकारच्या स्पर्धेत एकमेकांवर हल्ला नसतो, नुसती कोडी असतात: वेबची, फाइलमध्ये दडवलेल्या पुराव्यांची आणि गुप्तलिपीची. या शेवटच्या कोड्यांचं एक जुनं घराणं आपल्या ओळखीचं आहे. नवव्या शतकात बगदादमध्ये अल-किंदीने गुप्त मजकूर उलगडण्यावर एक रिसाला लिहिला. त्याच्या नावातच 'मुअम्मा' आहे. उर्दू मासिकांतले मुअम्मे सोडवणाऱ्यांना हा शब्द सांगायला नको. त्याची युक्ती साधी आहे. त्या भाषेतला कुठलाही मजकूर घ्या आणि कुठलं अक्षर किती वेळा येतं ते मोजा. अरबीत अलिफ सर्वांत जास्त, मग लाम. मग गुप्त मजकुरातली चिन्हं मोजा आणि ताळा जुळवा. अक्षरांच्या अदलाबदलीची जी कोडी आज नवशिक्यांना देतात, ती याच रस्त्याने सुटतात. खुद्द 'सायफर' हा शब्दही अरबी 'सिफर'वरून आला, आणि सिफर म्हणजे आपलं शून्य, जे भारतातूनच तिकडे गेलं होतं.

हे वाचून छाती फुगवणारे पुष्कळ भेटतात. मला त्यांचा कंटाळा येतो. अल-किंदीने अक्षरं मोजली. आपण नुसता अल-किंदी मोजतो. मी आठवीच्या वर्गात उर्दूच्या धड्याचं एक पान देऊन अक्षरं मोजायला लावली. पाऊण तास कुणी मान वर केली नाही. अलिफ पहिला आला. एका मुलीने विचारलं, "सर, मराठीच्या पानात काना पहिला येईल का?" मी तिला मराठीचं पुस्तक दिलं.

भारतातही ही तालीम जुनी होत चालली आहे. केरळमधल्या कोल्लम जिल्ह्यात, अमृता विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी 2007 मध्ये 'बायोस' नावाचा संघ बांधला, आणि 2010 पासून तिथून 'इनसीटीएफ' ही स्पर्धा होऊ लागली. दिल्ली-मुंबईपासून लांब, किनाऱ्यावरच्या गावात. न्यूयॉर्क विद्यापीठाची 'सीसॉ' ही स्पर्धा 2003 पासूनची. तिची भारतातली अंतिम फेरी 2016 पासून आयआयटी कानपूरने भरवली. पात्रता फेरी घरबसल्या देता येते.

इंग्रजीची अडचण खरी आहे, ती मी झाकणार नाही. प्रश्न इंग्रजीत असतात. पण स्पर्धा संपली की संघ आपण कोडं कसं सोडवलं ते सविस्तर लिहून फुकट मांडतात, त्याला 'राइटअप' म्हणतात. जिंकणाऱ्याने आपला डाव हरणाऱ्याला शिकवायचा, असा तिथला रिवाज आहे. आमच्या त्या मुलाने तीन मित्र जमवलेत. पहिली फेरी झाली की निकाल काहीही लागो, एका कोड्याचा राइटअप मराठीत लिहून द्यायचा, असं मी त्याला बजावलं आहे. तो आला की इथेच टाकतो.