इंधनावरील कर आणि गरिबांचा वाटा : खानदेशाच्या इतिहासातून एक विचार

प्रस्तावना

पेट्रोल-डिझेलवरील कर वाढला की दोन युक्तिवाद ठरलेले असतात. गाड्या श्रीमंतांच्या, म्हणून कर त्यांच्यावरच बसतो, हा पहिला. डिझेल महागले की भाजीपासून सर्व काही महागते, म्हणून कर अखेर गरिबांवरच बसतो, हा दुसरा. अर्थशास्त्राच्या वर्गात हा वाद आजच्या आकडेवारीवर चालतो. त्याला इतिहास आहे, आणि त्याचा बराचसा भाग जळगाव-धुळे परिसरातून सांगता येतो, याकडे मात्र फारसे लक्ष गेलेले नाही. प्रस्तुत लेखात इंधन हा शब्द व्यापक अर्थाने घेतला आहे. चुलीचे सरपण, दिव्याचे तेल आणि वाहनाचे डिझेल ही तिन्ही त्यात येतात.

सरपण, मीठ आणि रॉकेल

खानदेशच्या सपाटीवर चूल पेटते ती पऱ्हाटीवर, तुरकाठीवर आणि गोवरीवर. (वांग्याचे भरीतही याच काड्यांवर भाजलेले खरे, असे आपल्याकडे मानतात.) या इंधनावर सरकारने कधी कर बसवला नाही. तथापि ते फुकट होते असे म्हणता येत नाही. ज्याचे शेत त्याच्या काड्या. भूमिहीनाला त्या मालकाच्या मर्जीनेच मिळत. सातपुड्याच्या पायथ्याशी स्थिती निराळी होती. 1878 च्या वन कायद्याने राखीव जंगले निर्माण झाल्यावर भिल्ल, पावरा व इतर आदिवासींच्या पूर्वापार वहिवाटीचे रूपांतर सवलतीत झाले. चराईला फी आणि लाकडाला परवाना आला, शिवाय नियम मोडल्यास दंड. महात्मा फुले यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये जंगल खात्यावर ओढलेले कोरडे याच काळातले आहेत.

येथे मिठाचा विचार करणे अपरिहार्य ठरते. 1877 च्या अखेरीस, दक्षिणेत दुष्काळ असताना, मुंबई इलाख्यातील मिठाचा कर मणामागे 1 रुपया 13 आण्यांवरून अडीच रुपयांवर नेण्यात आला. त्याच सुमारास दुष्काळ निवारणासाठी दरसाल रक्कम राखून ठेवण्याची योजना सरकारने जाहीर केली. पुढे अफगाण युद्धाचा खर्च वाढला तेव्हा ती रक्कम त्या कामासाठी राखली गेली नाही, आणि राष्ट्रीय सभेच्या पिढीने यावर सातत्याने टीका केली. 1882 मध्ये बहुतेक आयात कर उठवले गेले आणि मँचेस्टरचे कापड मोकळे झाले. 1888 मध्ये मिठाचा कर पुन्हा वाढला व परदेशातून येणाऱ्या रॉकेलवरही कर बसला. मीठ सावकाराच्या घरी जेवढे लागते जवळजवळ तेवढेच सालदाराच्या घरी लागते. कंदिलाच्या तेलाचेही तसेच. अशा वस्तूंवरील कर वस्तूंवर म्हणून ओळखला जातो, परंतु तो असतो डोईपट्टीच.

1930 मध्ये समुद्र नसलेल्या जिल्ह्यांनी मिठाऐवजी जंगलाचा कायदा निवडला, तो म्हणूनच स्वाभाविक होता. लोकनायक अणे यांनी 10 जुलै 1930 रोजी पुसद येथे गवत कापून कायदा मोडला. बागलाणापासून चिरनेरपर्यंत हे लोण पसरले. सरपण, चारा आणि मीठ ही गरिबाच्या घरातली टाळता न येणारी गरज आहे, हे या आंदोलनाने राजकारणाच्या भाषेत मांडले.

फैजपूरचा ठराव

डिसेंबर 1936 मध्ये यावल तालुक्यातील फैजपूर येथे काँग्रेसचे ग्रामीण भागातील पहिले अधिवेशन भरले. जवाहरलाल नेहरू अध्यक्ष होते. आपल्याकडे या अधिवेशनाची आठवण गर्दीची, बांबूच्या कमानींची आणि साने गुरुजींच्या कष्टांची निघते. तेथे संमत झालेला शेतीविषयक कार्यक्रम मात्र क्वचितच वाचला जातो. खंड व शेतसारा यांत मोठी कपात करावी, न परवडणारी लहान जमीन सारामुक्त असावी, शेतीच्या उत्पन्नावर ठरावीक मर्यादेनंतर चढत्या दराने प्राप्तिकर बसवावा, पाणीपट्टी उतरावी, सामाईक गायराने असावीत, अशी त्यातील कलमे आहेत. 1886 च्या प्राप्तिकर कायद्याने शेतीचे उत्पन्न वगळले होते. फैजपूरने लहान शेतकऱ्याला सूट मागितलीच, पण मोठ्या शेतकऱ्यावर कर बसवण्याचीही मागणी केली. केळी-कापसाच्या या पट्ट्यात हे बोलणे सोपे नव्हते. कराची न्याय्यता वस्तूवरून न ठरवता ऐपतीवरून ठरवावी, हे तत्त्व त्यात स्पष्ट आहे. स्वातंत्र्यानंतर त्यातला सूट देण्याचा भाग टिकला, कर बसवण्याचा भाग विस्मृतीत गेला.

रॉकेल व डिझेल

आजच्या प्रश्नाकडे वळताना अशोकांकुर दत्ता यांचा 2010 मधील अभ्यास उपयुक्त ठरतो. भारतात इंधनकराचा भार एकंदरीत वरच्या उत्पन्नगटांवर प्रमाणाने अधिक पडतो, परंतु रॉकेल त्याला अपवाद आहे, असा त्याचा निष्कर्ष आहे. म्हणजे ‘इंधन’ असा एकच शब्द वापरला की वाद सुटत नाही.

रॉकेल स्वस्त ठेवणे हा त्यावरचा सरळ उपाय वाटतो. तो आपण अनेक दशके केला, आणि त्याची किंमतही मोजली. स्वस्त रॉकेल व महाग डिझेल यांच्या दरातील फरकावर भेसळीचा धंदा उभा राहिला. 25 जानेवारी 2011 रोजी मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना मनमाडजवळ पानेवाडी येथे हा धंदा रोखताना जिवंत जाळण्यात आले. सवलत वस्तूला दिली की ती माणसापर्यंत पोहोचण्याआधीच वाटेत लुटली जाते. 2016 पासून रेशनच्या रॉकेलचे दर टप्प्याटप्प्याने वाढले आणि 2021-22 च्या केंद्रीय अर्थसंकल्पात त्याच्या अनुदानासाठी तरतूदच राहिली नाही. गॅसजोडणी आली खरी, पण सिलिंडर पुन्हा भरण्याचे पैसे नसतील तेथे पऱ्हाटी आणि मोळीच परतते.

डिझेलची गोष्ट अधिक गुंतागुंतीची आहे. रावेर-सावद्याची केळी उत्तरेच्या बाजारात जातात. माल नाशवंत, त्यामुळे शेतकरी थांबू शकत नाही. व्यापारी भाडे वजा करूनच भाव सांगतो. डिझेलवरील कराचा एक हिस्सा अशा रीतीने दिल्लीच्या ग्राहकाऐवजी यावलच्या लहान बागायतदारावर येतो. मे 2020 मध्ये केंद्राने डिझेलवरील कर एकाच वेळी लिटरमागे 13 रुपयांनी वाढवला. कच्चे तेल स्वस्त असल्याने पंपावर तो तेव्हा जाणवला नाही. पुढे ऑक्टोबर 2021 मध्ये एसटीचे भाडे 17.17 टक्क्यांनी वाढले. ऊसतोडीला किंवा सुरतेला जाणाऱ्या कुटुंबाला ही वाढ टाळता येण्यासारखी नव्हती. नोव्हेंबर 2021 व मे 2022 मध्ये करकपात झाली. 17 मार्च 2023 पासून स्त्रियांना एसटीत निम्मे भाडे लागू लागले. माझ्या मते गरिबाला परत मिळालेला हा सर्वांत थेट वाटा आहे, जरी इंधनकराशी त्याचा कायद्याने काही संबंध नाही.

पैसा जातो कोठे?

महाराष्ट्राकडे याबाबतीत एक चांगला नमुना होता. 1972 च्या दुष्काळाच्या अनुभवातून रोजगार हमी योजना विस्तारली आणि 1975 मध्ये तिच्यासाठी व्यवसायकर आला. पगारदार आणि व्यापारी यांच्याकडून, तसेच मोटारवाहन व बागायत जमिनीवरील जादा आकारातून रक्कम घ्यायची, सरकारने तेवढीच भर घालायची, आणि ती खडी फोडणाऱ्यांच्या मजुरीसाठी ठेवायची, अशी ती रचना होती. जमा रक्कम पूर्ण खर्च होत नाही, ही टीका या निधीवरही झाली. तरी कोणाकडून घेतले आणि कोणासाठी घेतले, हे कायद्यातच लिहिलेले होते.

याउलट 2015 च्या सप्टेंबरअखेरीस राज्याने दुष्काळासाठी म्हणून पेट्रोल व डिझेलवर लिटरमागे 2 रुपये वाढवले. त्यात दुष्काळी तालुक्यातील ट्रॅक्टरवाला आणि मुंबईचा मोटारमालक एकाच दराने आले. पुढच्या वर्षी पाऊस चांगला झाला, तरी पेट्रोलवरील अधिभार उतरला नाही. एप्रिल 2017 मध्ये तो आणखी 3 रुपयांनी वाढला. या वेळी कारण दुष्काळाचे नव्हते. महामार्गालगतची मद्यविक्री न्यायालयाच्या आदेशाने बंद झाल्यामुळे घटलेला महसूल भरून काढायचा होता.