नऊ जागांचा कर्णधार : जॉनी कॅरी

आयर्लंडचे फुटबॉलपटू जॉनी कॅरी (२३ फेब्रुवारी १९१९ – २२ ऑगस्ट १९९५) यांनी दोन महायुद्धांच्या मधल्या काळात आघाडीपटू म्हणून कारकीर्द सुरू केली आणि दुसऱ्या महायुद्धानंतर बचावपटू म्हणून ते युरोपभर नावारूपाला आले. मँचेस्टर युनायटेडसाठी ते मैदानावरील नऊ वेगवेगळ्या जागांवर खेळले. एकदा तर त्यांनी गोलरक्षणही केले. एवढ्या जागा बदलूनही ज्याचे स्थान कधी डळमळले नाही, असा खेळाडू त्या काळात विरळाच होता.

या वैशिष्ट्याचे मोल कळण्यासाठी तेव्हाचा खेळ ध्यानात घ्यावा लागतो. १९२५ साली ऑफसाइडचा नियम बदलला. चेंडू पुढे दिला जाताना आघाडीपटू आणि गोलरेषा यांच्यामध्ये तीन प्रतिस्पर्धी असण्याची अट दोनवर आली. गोल वाढले आणि त्यांना आवर घालण्यासाठी मधल्या फळीतील सेंटर-हाफला बचावात ओढण्यात आले. यातूनच डब्ल्यू-एम या नावाने ओळखली जाणारी रचना इंग्लंडमध्ये रूढ झाली. तीत प्रत्येकाचे काम ठरलेले असे. विंगरने रेषेजवळून धावावे, इनसाइड फॉरवर्डने मधली फळी व आघाडी जोडावी, फुल-बॅकने समोरच्या विंगरला रोखावे, अशी ही वाटणी होती. शिवाय बदली खेळाडू उतरवण्याची मुभा इंग्लिश लीगमध्ये १९६५-६६ च्या मोसमापर्यंत नव्हतीच. एखादा जायबंदी झाला तर उरलेल्यांनीच त्याची उणीव भरून काढायची. त्यामुळे कोणत्याही जागी उभा राहू शकणारा खेळाडू प्रशिक्षकाला हवाहवासा वाटे. पण अशा खेळाडूच्या वाट्याला बहुधा कामचलाऊपणाचा शिक्का येई. कॅरी यांच्यावर तो कधीच बसला नाही.

कॅरी यांचा जन्म डब्लिनचा. लहानपणी ते हाताने आणि पायाने दोन्ही प्रकारे चेंडू खेळण्याची मुभा असलेला गेलिक फुटबॉलही खेळले होते. स्वतंत्र आयर्लंडमध्ये त्या खेळाला राष्ट्रीय अस्मितेचे वलय होते. सॉकर हा ‘परका’ खेळ मानला जाई आणि तो खेळणाऱ्यास गेलिक संघटनेच्या नियमानुसार तेथे स्थान नसे. कॅरी यांनी सॉकरची वाट धरली. गिनेस मद्यनिर्मिती कारखान्याशी निगडित असलेल्या सेंट जेम्सेस गेट संघात ते दाखल झाले. तेथे जेमतेम काही सामने खेळले असतील, तोच मँचेस्टर युनायटेडचे निरीक्षक लुई रोका यांची दृष्टी त्यांच्यावर पडली. रोका खरे तर दुसऱ्याच एका खेळाडूसाठी डब्लिनला आले होते. नोव्हेंबर १९३६ मध्ये, वयाच्या सतराव्या वर्षी, २५० पौंडांच्या मोबदल्यात कॅरी मँचेस्टरला रवाना झाले.

युनायटेड तेव्हा आजच्यासारखा बलाढ्य क्लब नव्हता. पहिल्या आणि दुसऱ्या विभागात त्याची ये-जा चालू होती. २५ सप्टेंबर १९३७ रोजी साउथॅम्प्टनविरुद्ध कॅरी यांनी पदार्पण केले. त्यांची जागा होती इनसाइड-लेफ्ट. त्याच मोसमाअखेर युनायटेडने दुसऱ्या विभागात दुसरे स्थान मिळवून वरच्या विभागात प्रवेश केला. ७ नोव्हेंबर १९३७ रोजी डब्लिनच्या डॅलिमाउंट पार्कवर नॉर्वेविरुद्धच्या विश्वचषक पात्रता सामन्यात कॅरी आयर्लंडसाठी प्रथम खेळले. तो सामना ३-३ असा बरोबरीत सुटला. अठरा वर्षांच्या या तरुणाकडे उद्याचा आघाडीपटू म्हणून पाहिले जात असतानाच १९३९ साली महायुद्धाचा भडका उडाला.

आयर्लंड युद्धात तटस्थ राहिले. कॅरी यांच्यावर लष्करात जाण्याची सक्ती नव्हती, तरीही ते स्वेच्छेने ब्रिटिश सैन्यात भरती झाले आणि मध्यपूर्व व इटलीत त्यांनी सेवा बजावली. विशी-पंचविशीतील सहा-सात वर्षे, म्हणजे खेळाडूच्या आयुष्यातील ऐन उमेदीचा काळ, अशा रीतीने निघून गेला. ते परतले तेव्हा ओल्ड ट्रॅफर्ड मैदान १९४१ च्या बॉम्बहल्ल्यात उद्ध्वस्त झाले होते आणि युनायटेड आपले घरचे सामने शेजारच्या मँचेस्टर सिटीच्या मेन रोड मैदानावर खेळत होता.

नवे व्यवस्थापक मॅट बस्बी यांनी कॅरी यांना कर्णधार केले आणि त्यांची जागा बदलली. आधी मधल्या फळीत आणि मग उजव्या फुल-बॅकच्या जागी त्यांना आणण्यात आले. डाव्या बाजूला जॉन अ‍ॅस्टन होते. तेही मूळचे आघाडीपटूच. फुल-बॅकने चेंडू दूर भिरकावून द्यावा, एवढीच तेव्हा सर्वसाधारण अपेक्षा असे. कॅरी मात्र चेंडू ताब्यात घेऊन, नजर वर ठेवून, सहकाऱ्याच्या पायाशी देत. इनसाइड फॉरवर्ड म्हणून अंगी बाणलेली जाण त्यांनी बचावात आणली होती. आघाडीपटूला चेंडू कोठे हवा असतो, हे त्यांना स्वानुभवाने ठाऊक होते. जुन्या जागेचे ज्ञान नव्या जागेवर उपयोगात आणणे, हेच त्यांच्या अष्टपैलुत्वाचे मर्म होते.

युद्धानंतरच्या लागोपाठ तीन मोसमांत युनायटेड लीगमध्ये दुसरा आला. २४ एप्रिल १९४८ रोजी वेम्बलीवर एफए कपच्या अंतिम सामन्यात ब्लॅकपूलविरुद्ध १-२ असे पिछाडीवर असताना कॅरी यांच्या संघाने ४-२ असा विजय मिळवला. १९४९ मध्ये फुटबॉल लेखकांच्या संघटनेने त्यांना वर्षातील सर्वोत्तम फुटबॉलपटू म्हणून गौरविले. हा मान आधीच्या वर्षी स्टॅन्ली मॅथ्यूज यांना मिळाला होता. १९५१-५२ च्या मोसमात कॅरी पुन्हा मधल्या फळीत आले आणि युनायटेडने १९११ नंतर प्रथमच लीग विजेतेपद पटकावले. पुढच्याच मोसमात सुंदरलँडविरुद्ध नियमित गोलरक्षक उपलब्ध नसताना तेहतीस-चौतीस वर्षांचा हा कर्णधार स्वतः गोलमध्ये उभा राहिला.

जागा बदलणे मैदानापुरते मर्यादित नव्हते. १९२१ मध्ये आयर्लंडच्या फाळणीबरोबर फुटबॉलचीही फाळणी झाली. बेलफास्टमधील जुनी संघटना आणि डब्लिनमधील नवी संघटना या दोन्ही स्वतःला ‘आयर्लंड’ म्हणवून घेत आणि साऱ्या बेटावरून खेळाडू निवडत. याचा परिपाक सप्टेंबर १९४६ मध्ये दिसला. २८ तारखेला कॅरी बेलफास्टच्या संघाकडून इंग्लंडविरुद्ध खेळले. तो संघ २-७ असा हरला. ३० तारखेला डब्लिनमध्ये त्याच इंग्लंडविरुद्ध ते दुसऱ्या आयर्लंडचे कर्णधार होते. या वेळी टॉम फिनी यांच्या अखेरच्या टप्प्यातील एकमेव गोलाने इंग्लंड जिंकले. तीन दिवसांत एकाच प्रतिस्पर्ध्याविरुद्ध दोन देशांकडून खेळण्याचा हा प्रसंग कॅरी यांच्या लहरीचा नव्हता. दुभंगलेल्या बेटाने आपल्या खेळाडूंपुढे ठेवलेला तो पेच होता. १९५० नंतर ही प्रथा थांबली. तोवर कॅरी बेलफास्टच्या संघाकडून सात सामने खेळले होते. डब्लिनच्या संघाकडून ते एकूण एकोणतीस सामने खेळले.

१० मे १९४७ रोजी ग्लासगोच्या हॅम्पडेन पार्कवर ग्रेट ब्रिटनविरुद्ध उतरलेल्या उर्वरित युरोप संघाचे नेतृत्वही त्यांच्याकडेच सोपवण्यात आले. तो सामना युरोपने १-६ असा गमावला. त्याची भरपाई म्हणावी असा दिवस २१ सप्टेंबर १९४९ रोजी उगवला. लिव्हरपूलच्या गुडिसन पार्कवर कॅरी यांच्या आयर्लंडने इंग्लंडला २-० असे नमवले. गोल कॉन मार्टिन आणि पीटर फॅरेल यांचे होते. ब्रिटनबाहेरील संघाकडून मायदेशी इंग्लंडचा झालेला हा पहिला पराभव होय. हा मान अनेकदा १९५३ च्या हंगेरीला दिला जातो; प्रत्यक्षात आयर्लंडने तो चार वर्षे आधीच मिळवला होता.

१९५३ मध्ये कॅरी निवृत्त झाले. व्यवस्थापक म्हणून त्यांनी १९५८ मध्ये ब्लॅकबर्न रोव्हर्सला आणि १९६२ मध्ये लेटन ओरिएंटला पहिल्या विभागात नेले. १९६६-६७ मध्ये त्यांच्या हाताखाली नॉटिंगहॅम फॉरेस्टने लीगमध्ये दुसरे स्थान मिळवले. मधल्या काळात एव्हर्टनने मात्र, संघ पाचव्या स्थानी असताना, त्यांना दूर केले होते. १९५५ ते १९६७ या काळात ते आयर्लंडचेही व्यवस्थापक होते. परंतु संघ निवडण्याचा अधिकार निवड समितीच्या हाती असे. कोणत्या जागी कोण शोभेल हे ज्याला स्वतः नऊ जागांवर खेळून उमगले होते, त्यालाच आपल्या देशाचा संघ निवडता आला नाही.

आजचा फुटबॉलपटू एकाच सामन्यात दोन-तीन भूमिका पार पाडतो आणि फुल-बॅकने आक्रमणाची सुरुवात करणे ही नित्याची अपेक्षा झाली आहे. ठरीव जागांच्या आणि बदली खेळाडू नसलेल्या काळात कॅरी यांनी हेच करून दाखवले होते.