जॅकपॉट स्लॉटमधील न्याय्यता व परताव्याची पारदर्शकता

जॅकपॉट स्लॉट हा स्लॉट यंत्रावरील जुगाराचा एक प्रकार असून त्यात प्रत्येक पैजेतील लहानसा हिस्सा एका सामायिक बक्षिसात जमा होत जातो. हे बक्षीस एखाद्या खेळाडूला लागेपर्यंत वाढत राहते आणि लागल्यावर ठरावीक आरंभ-रकमेपासून पुन्हा सुरू होते. इंटरनेटवरील कॅसिनोंमध्ये एकच जॅकपॉट अनेक संकेतस्थळांना व अनेक देशांतील खेळाडूंना जोडलेला असू शकतो.

अशा खेळाच्या प्रामाणिकपणाविषयी दोन प्रश्न उपस्थित होतात व लोकव्यवहारात त्यांची बहुधा सरमिसळ होते. पहिला प्रश्न असा की, निकाल खरोखर यादृच्छिक, म्हणजे कोणालाही आधी न कळणारा व कोणाच्याही हातात नसलेला, असतो काय? दुसरा असा की, जिंकण्याची शक्यता किती आणि लावलेल्या रकमेपैकी किती परत येते, हे खेळाडूला खेळण्यापूर्वी कळते काय? पहिल्या प्रश्नाचे उत्तर होकारार्थी असूनही दुसऱ्याचे नकारार्थी असू शकते. या विषयातील बहुतेक वाद त्यातूनच उद्भवले आहेत.

रिळे आणि संख्या

सॅन फ्रान्सिस्को येथील चार्ल्स फे यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बनवलेल्या ‘लिबर्टी बेल’ या यंत्रात तीन रिळे होती व सर्वांत मोठे बक्षीस ५० सेंटचे होते. यांत्रिक स्लॉटमध्ये रिळावरील चिन्हे आणि शक्यता यांचे नाते सरळ असे. प्रत्येक रिळावर २० थांबे असतील, तर एकूण ८,००० जुळण्या होतात. चिकाटीच्या माणसाला चिन्हे मोजून गणित करता येत असे. मात्र याच कारणामुळे बक्षिसालाही मर्यादा पडे. आठ हजारांत एकदा लागणारे बक्षीस फार मोठे ठेवणे मालकाला परवडत नसे.

ही मर्यादा इंगे टेल्नेस यांच्या शोधाने दूर केली. १५ मे १९८४ रोजी त्यांना अमेरिकेचे पेटंट (क्रमांक ४४४८४१९) मिळाले. या पद्धतीत रीळ कोठे थांबणार हे संगणकाने काढलेली यादृच्छिक संख्या ठरवते, आणि संख्यांचा संच रिळावरील थांब्यांपेक्षा कितीतरी मोठा ठेवता येतो. जॅकपॉटच्या चिन्हाला एकच संख्या व त्याच्या लगतच्या रिकाम्या जागांना पुष्कळ संख्या नेमून देता येतात. डोळ्यांना बावीस थांब्यांचे रीळ दिसते, पण हिशेब शेकडो आभासी स्थानांचा असतो. मोठे चिन्ह रेषेच्या जरा वर किंवा खाली थांबले, बक्षीस ‘थोडक्यात हुकले’, असा अनुभव खेळाडूला वारंवार येतो, त्याचे एक कारण हे आहे.

या पेटंटाचे हक्क इंटरनॅशनल गेम टेक्नॉलॉजी (आयजीटी) या कंपनीने घेतले. १९८६ मध्ये तिने नेव्हाडा राज्यात अनेक कॅसिनोंतील यंत्रे जोडणारा ‘मेगाबक्स’ हा जॅकपॉट सुरू केला. अभ्यासकांच्या गणनेप्रमाणे त्याचे सर्वोच्च बक्षीस लागण्याची शक्यता ४,९८,३६,०३२ मध्ये एक इतकी होती. ही संख्या ३६८ चा घन आहे. तीन रिळे, प्रत्येकी ३६८ आभासी स्थाने आणि त्यांतील एकावरच जॅकपॉटचे चिन्ह, असा त्याचा अर्थ. मार्च २००३ मध्ये लास व्हेगासच्या एक्सकॅलिबर कॅसिनोत या यंत्रावर सुमारे ३ कोटी ९७ लाख डॉलरचा जॅकपॉट लागला. अशी जाहीर रक्कम पंचवीस वार्षिक हप्त्यांत मिळते. एकरकमी घेतल्यास ती बरीच कमी होते.

इंटरनेटवरील स्लॉटमध्ये तर रीळ नावाची वस्तूच नसते. कळ दाबताच चालकाच्या किंवा खेळ पुरवणाऱ्या कंपनीच्या संगणकावर संख्या निघते, निकाल ठरतो आणि नंतर त्याला साजेसे चलच्चित्र खेळाडूच्या पडद्यावर दाखवले जाते. काही खेळांत जॅकपॉटसाठी वेगळे चक्र फिरवले जाते. त्या चक्रावर वीस घरे दिसली, तरी मोठ्या बक्षिसाची शक्यता विसात एक असेलच असे नाही.

परतावा दर

एकूण पैजांपैकी जेवढा भाग बक्षिसांच्या रूपाने परत जाणे गणिताप्रमाणे अपेक्षित असते, त्यास परतावा दर किंवा आरटीपी म्हणतात. ९६ टक्के परतावा दराचा अर्थ, लक्षावधी डावांच्या सरासरीने दर १०० रुपयांच्या पैजांमागे ९६ रुपये परत जातात व ४ रुपये चालकाकडे राहतात. एका बैठकीत शंभरातले शहाण्णव रुपये हाती उरतील, असे आश्वासन त्यात नसते. जिंकलेले पैसे पुन्हा लावले की तीच कपात पुन्हा लागू होते.

जॅकपॉट खेळांत हा आकडा अधिक दिशाभूल करणारा ठरतो. उदाहरणादाखल, एखाद्या खेळाचा जाहीर दर ९४ टक्के असून त्यातील ६ टक्के जॅकपॉटचे आहेत असे मानू. जॅकपॉट लागणारा एखादा सोडला, तर इतर सर्वांसाठी खेळ प्रत्यक्षात ८८ टक्क्यांचा ठरतो. १०० रुपये दहा वेळा पूर्ण फिरवल्यास ९४ टक्क्यांच्या हिशेबाने सरासरी सुमारे ५४ रुपये उरतात. ८८ टक्क्यांच्या हिशेबाने अवघे २८. जाहीर आकडा खोटा नसतो. मात्र तो ज्या सरासरीचा आहे, तिच्या वाट्याला जवळजवळ कोणताच खेळाडू येत नाही. म्हणून जॅकपॉटचा हिस्सा धरून व वगळून असे दोन्ही दर देणे हीच प्रामाणिक पद्धत म्हणावी लागेल; काही खेळांच्या माहितीत ती पाळलेली दिसते, अनेकांत दिसत नाही. जॅकपॉटची रक्कम जसजशी वाढते तसतसा त्या घडीचा प्रत्यक्ष दरही वाढतो, त्यामुळे एकच आकडा सर्वकाळ लागू पडत नाही.

आणखी एक अडचण आवृत्त्यांची आहे. एकाच नावाचा, एकाच चित्रांचा व एकाच आवाजांचा खेळ निर्माते निरनिराळ्या परतावा दरांत पुरवतात आणि कोणता दर ठेवायचा हे चालक निवडतो. कॅनडातील वॉटरलू विद्यापीठाचे केव्हिन हॅरिगन व माइक डिक्सन यांनी ऑंटारिओ प्रांतात माहिती अधिकाराचा वापर करून यंत्रांचे गणिती तपशील देणारी कागदपत्रे (पार शीट) मिळवली व २००९ मध्ये त्यांवर लेख प्रसिद्ध केला. वेगवेगळ्या दरांची यंत्रे बाहेरून ओळखू येत नाहीत, हे त्यातून स्पष्ट झाले. एका सरकारी व्यवस्थेतील यंत्राचे गणित जाणण्यासाठी प्राध्यापकांना अर्ज करावे लागले, यातच या क्षेत्रातील गोपनीयतेची कल्पना येते.

फसवणुकीची प्रकरणे

यादृच्छिकतेशीच छेडछाड झाल्याची उदाहरणे नेव्हाडात नोंदली गेली आहेत. १९८० च्या दशकाच्या अखेरीस ‘अमेरिकन कॉइन’ या कंपनीच्या व्हिडिओ पोकर यंत्रांमध्ये सर्वोच्च बक्षीस लागूच नये अशी आज्ञावली घातलेली आढळली व कंपनीचा परवाना गेला. त्याच सुमारास ‘युनिव्हर्सल’ या कंपनीच्या यंत्रांचे प्रकरण गाजले. त्यांत हरण्याचा निकाल प्रामाणिकपणेच निघे. परंतु तो दाखवताना यंत्र मुद्दाम ‘थोडक्यात हुकलेली’ जुळणी निवडत असे. नियामकांनी ही रीत अमान्य केली. टेल्नेस पद्धतीने तयार होणारी ‘हुकलेली’ चित्रे मात्र मान्य राहिली, कारण तेथे चित्र व संख्या यांचे नाते आधीच ठरलेले असते. हा भेद कायद्याला पटला. खेळाडूच्या नजरेला तो दिसण्यासारखा नाही.

रोनाल्ड हॅरिस यांचे प्रकरण निराळे आहे. ते नेव्हाडाच्या गेमिंग नियंत्रण मंडळातच तंत्रज्ञ होते व यंत्रांतील आज्ञावली तपासणे हे त्यांचे काम होते. तपासणीच्या निमित्ताने त्यांनी काही यंत्रांत अशी सोय केली की, नाणी विशिष्ट क्रमाने टाकल्यास बक्षीस लागावे. १९९५ मध्ये अटलांटिक सिटीत त्यांच्या साथीदाराला कीनो खेळात १ लाख डॉलरचे बक्षीस लागले, तेव्हा संशय येऊन हा प्रकार उघड झाला. पुढे त्यांना तुरुंगवास झाला.

तपासणी व नियमन

परवानाधारक बाजारांत खेळ प्रसारित होण्यापूर्वी स्वतंत्र प्रयोगशाळा त्याची आज्ञावली व संख्याजनक तपासतात. गेमिंग लॅबोरेटरीज इंटरनॅशनल व २००३ मध्ये स्थापन झालेली ई-कोग्रा ही त्यांतील परिचित नावे. तपासणीचे शुल्क सामान्यतः ज्याचा खेळ तपासायचा तोच भरतो. अमेरिकेत नेव्हाडामध्ये किमान ७५ टक्के, तर न्यू जर्सीत ८३ टक्के परतावा बंधनकारक आहे. नेव्हाडाचे मंडळ दरमहा विभागवार आकडे प्रसिद्ध करते, मात्र त्यांवरून एखाद्या यंत्राचा दर कळत नाही.

ब्रिटनच्या गॅम्बलिंग कमिशनचे नियम याबाबत अधिक तपशीलवार आहेत. इंटरनेटवरील खेळाचे नियम आणि त्याचा परतावा दर, चालकाचा वाटा किंवा जिंकण्याची शक्यता यांपैकी काहीतरी खेळाडूला उपलब्ध करून द्यावे लागते. खेळ प्रत्यक्ष वापरात असताना मिळणारा परतावा गणिताशी जुळतो की नाही, यावरही परवानाधारकाने लक्ष ठेवावयाचे असते. ३१ ऑक्टोबर २०२१ पासून दोन डावांमध्ये किमान २.५ सेकंदांचे अंतर सक्तीचे झाले व आपोआप डाव चालू ठेवण्याची सोय बंद झाली. लावलेल्या रकमेइतके किंवा तिच्याहून कमी पैसे परत आले असता विजयाचा गजर करण्यासही मनाई झाली. शंभर लावून तीस परत आल्यावर वाजणारी घंटा ही वस्तुतः सत्तर रुपयांच्या तोट्याची घंटा असते.

आभासी चलनावर चालणारी काही संकेतस्थळे ‘पडताळण्याजोगी न्याय्यता’ ही पद्धत वापरतात. डावापूर्वी चालक आपल्या गुप्त संख्येचा सांकेतिक ठसा जाहीर करतो व नंतर मूळ संख्या उघड करतो; तिच्यावरून निकाल मागाहून बदललेला नाही याची खेळाडूला खात्री करता येते. शक्यता मुळात किती कमी ठेवली होती, या प्रश्नाला मात्र ही पद्धत उत्तर देत नाही.

पडद्यावरचे बक्षीस व न्यायालये

पडद्यावर दिसलेला आकडा आणि संगणकात नोंदलेला निकाल यांत तफावत पडल्यास खरे कोणते मानायचे, यावर दोन देशांतील न्यायालयांचे निर्णय उल्लेखनीय आहेत.

अमेरिकेच्या आयोवा राज्यातील वॉटर्लू येथे २०११ मध्ये ‘मिस किटी’ या यंत्राने एका वृद्ध महिलेला ४ कोटी १७ लाख डॉलरहून अधिक बोनस लागल्याचे दाखवले. तिच्या डावाचे खरे बक्षीस १ डॉलर ८५ सेंट होते. २०१५ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने कॅसिनोच्या बाजूने निकाल दिला. खेळाचे नियम यंत्रावर पाहण्याची सोय होती आणि त्यांत अशा बोनसचा उल्लेखच नव्हता, त्यामुळे करार त्या नियमांपुरताच होता, असा निष्कर्ष न्यायालयाने काढला.

इंग्लंडमधील प्रकरण याच्या उलट गेले. ऑक्टोबर २०२० मध्ये पॅडी पॉवरच्या ‘वाइल्ड हॅटर’ या खेळात चक्र ‘मॉन्स्टर जॅकपॉट’वर थांबले व पडद्यावर १०,९७,१३२ पौंडांहून अधिक रक्कम दिसली. कंपनीने मात्र लहान ‘डेली जॅकपॉट’चे सुमारे २०,२६५ पौंडच दिले. संगणकाने लहान बक्षीसच काढले होते, चलच्चित्र चुकीचे जोडले गेले, असे तिचे म्हणणे होते. मार्च २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने खेळाडूच्या बाजूने निकाल दिला. खेळाच्या नियमांप्रमाणे चक्र जेथे थांबेल ते बक्षीस, असाच सामान्य खेळाडूचा समज होतो, आणि चालकाच्या तांत्रिक चुकीचा भार ग्राहकावर टाकणाऱ्या अटी पुरेशा ठळकपणे मांडलेल्या नव्हत्या, हे न्यायालयाच्या विवेचनाचे सार होते. तत्पूर्वी २०२१ मध्ये बेटफ्रेडविरुद्धच्या खटल्यात, ब्लॅकजॅकच्या एका खेळात दिसलेल्या सुमारे १७ लाख पौंडांबाबतही, न्यायालयाने खेळाडूचाच दावा मान्य केला होता.

दोन्ही देशांतील निर्णयांत नियमांचे वाचन निर्णायक ठरले. आयोवात ते कॅसिनोला तारक झाले, लंडनमध्ये चालकाला बाधक.

भारतातील स्थिती

गोव्यात १९७६ च्या सार्वजनिक जुगार कायद्यात १९९२ मध्ये दुरुस्ती होऊन पंचतारांकित हॉटेलांत स्लॉट यंत्रांना वाट मिळाली. नंतरच्या दुरुस्तीने जहाजांवरील कॅसिनोंना परवानगी मिळाली. महाराष्ट्राने १९७६ मध्येच कॅसिनोविषयक कायदा केला होता, परंतु तो कधीही अमलात आला नाही व २०२३ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने तो रद्द करण्याचा निर्णय घेतला.

संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये संमत केलेल्या ऑनलाइन गेमिंगविषयक अधिनियमाने पैसे लावून खेळण्याचे ऑनलाइन खेळ, मग ते कौशल्याचे असोत वा नशिबाचे, पुरवण्यास, त्यांची जाहिरात करण्यास व त्यांचे आर्थिक व्यवहार हाताळण्यास बंदी घातली. त्यामुळे ऑनलाइन जॅकपॉट स्लॉटच्या परतावा दराचे नियमन करणारी यंत्रणा भारतात नाही. परदेशी संकेतस्थळावर खेळणाऱ्याला तेथे छापलेला दर पडताळून पाहण्याचा किंवा न दिलेल्या बक्षिसाबद्दल देशातील नियामकाकडे दाद मागण्याचा मार्ग उपलब्ध नसतो.