बाईपणाचा दाखला

मदरशांतून आजही शिकवला जाणारा 'हिदाया' हा बाराव्या शतकातला हनफी ग्रंथ संपतो तो 'खुन्सा'च्या प्रकरणाने. जन्मतःच ज्याच्या शरीरावर स्त्री आणि पुरुष दोघांच्याही खुणा आहेत, तो खुन्सा. फुकहांनी आधी लघवीचा मार्ग पाहिला, मग वयात येईपर्यंत वाट पाहिली. दाढी येते का, पाळी येते का? तरीही उलगडा झाला नाही तर 'खुन्सा मुश्किल'. नमाजात त्याची जागा पुरुषांच्या मागे, बायकांच्या पुढे. वारशात इमाम अबू हनीफांनी दोन वाट्यांतला कमी वाटा दिला. इमाम शाबींनी पुरुषाचा निम्मा आणि स्त्रीचा निम्मा अशी बेरीज केली. हा हिशेब आज मला पुरता पटत नाही. पण जमातीबाहेर कुणी घालवले नाही.

खेळाच्या मैदानाला एवढेही जमले नाही. 1966 साली बुडापेस्टच्या युरोपीय स्पर्धेत महिला खेळाडूंना डॉक्टरांपुढे विवस्त्र उभे केले गेले. पुढे क्रोमोझोमची चाचणी आली. 1967 मध्ये पोलंडची धावपटू एवा क्लोबुकोव्स्का तीत अडकली. 1985 मध्ये कोबे येथे स्पेनची मारिया होजे मार्टिनेझ पतिन्यो अडकली. तिचे क्रोमोझोम एक्स-वाय होते, पण तिचे शरीर टेस्टोस्टेरॉनला दादच देत नव्हते. म्हणजे ज्या फायद्याचा संशय होता तो तिला मिळणे शक्यच नव्हते. तीन वर्षांनी तिला परत घेतले. शोध चालला होता बाईच्या वेशातल्या पुरुषांचा आणि जाळ्यात सापडत होत्या बायकाच. 1999 मध्ये ऑलिंपिक समितीने सरसकट चाचणी थांबवली, संशयावरून तपासणी मात्र राहिली.

तमिळनाडूच्या एका दलित मजूर कुटुंबातली शांती सौंदराजन त्याच संशयाची बळी. 2006 च्या दोहा आशियाई स्पर्धेत 800 मीटरमध्ये तिने रौप्यपदक जिंकले, ते काढून घेतले गेले. पुढे तिने जीव द्यायचा प्रयत्न केला, वीटभट्टीवर रोजंदारीही केली.

ट्रान्सजेंडर खेळाडूंचा प्रश्न याहून वेगळा आहे, पण चर्चेत दोन्हींची सर्रास खिचडी होते. पुरुष म्हणून वयात आल्यावर उंची, हाडे, स्नायू यांत जो फरक पडतो तो खरा आहे. महिलांचा गट वेगळा काढला तोच मुळी त्यासाठी. स्पर्धक मुलींची तक्रार मी द्वेषात जमा करणार नाही. पण न्यूझीलंडची लॉरेल हबर्ड 2021 मध्ये टोकियोत वजन उचलायला उतरली, तेव्हा जगभर गहजब झाला. तिचे तिन्ही स्नॅच फसले! भारोत्तोलन, नेमबाजी आणि धावणे यांना एकच माप कसे लावणार? फुकहांनीही नमाजाला एक आणि वारशाला दुसरा असा नियम केला होता. जागतिक ॲथलेटिक्सने 2023 मध्ये, पुरुष म्हणून वयात आलेल्या ट्रान्स स्त्रियांना महिला गटाचे दार बंद केले. धावण्यापुरता त्यामागचा तर्क मला कळतो. त्यांनी धावायचे कुठे, याचे उत्तर मात्र त्या नियमात सापडत नाही.

ओडिशाची दुती चंद क्रीडा लवादात गेली आणि 2015 मध्ये टेस्टोस्टेरॉनचा नियम तिने स्थगित करून घेतला. शांतीचे पदक परत आले नाही.