फ्रॅकिंगच्या द्रवाला दाटपणा आणणारी रसायने

हायड्रॉलिक फ्रॅक्चरिंग अर्थात फ्रॅकिंग या पद्धतीत खोल विहिरीतून प्रचंड दाबाने द्रव सोडून खडकाला भेगा पाडतात व खडकात अडकलेले खनिज तेल किंवा नैसर्गिक वायू बाहेर काढतात. हा द्रव दाट करण्यासाठी त्यात जे पदार्थ मिसळतात, त्यांत गवारीच्या बियांपासून मिळणारा ग्वार गम सर्वांत महत्त्वाचा होय. जिच्या शेंगांची भाजी महाराष्ट्रात घरोघरी होते, तीच ही गवार.

दाटपणाची गरज

पंपाचा दाब काढताच खडकातील भेगा मिटू लागतात. त्या उघड्या राहाव्यात म्हणून द्रवाबरोबर वाळू आत पाठवितात. साध्या पाण्यात वाळू लवकर तळाशी बसते. दाट द्रव ती तरंगत ठेवून भेगेत दूरवर नेतो आणि भेग रुंदही करतो. काम संपल्यावर मात्र तोच द्रव पातळ होऊन परत यावा लागतो. तो दाटच राहिला, तर ज्या वाटेने तेल यायचे तीच वाट बुजते. दाटपणा हवा तो केवळ काही तासांपुरता, आणि या तंत्राची खरी कसोटी तेथेच लागते.

रासायनिक क्रिया

ग्वार गम हे मॅनोज व गॅलॅक्टोज या शर्करांच्या लांब साखळ्यांचे बहुवारिक आहे. बीच्या भ्रूणपोषापासून त्याची पूड करतात. उरलेली चुरी व कोरमा जनावरांच्या खाद्यात जातात. एक हजार लिटर पाण्यात साधारण अडीच ते पाच किलो पूड पुरते. त्यात बोरॉनचे क्षार घालून द्रव अल्कधर्मी केला, की बोरेट आयन शेजारशेजारच्या साखळ्यांना एकमेकींशी जोडतात आणि द्रवाची थलथलीत जेली होते. हे बंध ताणाखाली तुटतात व ताण सरताच पुन्हा जुळतात. अधिक उष्ण विहिरींसाठी झिर्कोनियम किंवा टायटॅनियमची संयुगे वापरतात. त्यांचे बंध एकदा तुटले की सहसा जुळत नाहीत.

जेली मोडण्यासाठी अमोनियम परसल्फेट अथवा विकरे आधीच मिसळून ठेवतात. ग्वार गम हे जीवाणूंचेही खाद्य असल्याने टाकीतील द्रव नासू नये म्हणून ग्लुटाराल्डिहाइडसारखे जीवाणुनाशकही घालावे लागते.

इतिहास

१९४७ साली अमेरिकेतील कॅन्सस राज्यात ह्यूगोटन वायुक्षेत्रात या पद्धतीचा पहिला प्रयोग झाला. त्यात पाणी नव्हते, तर नेपामने दाट केलेले पेट्रोल होते. १९४९ मध्ये ओक्लाहोमा व टेक्सास येथे व्यापारी वापर सुरू झाला. पाणी व ग्वार गम यांचे मिश्रण त्यानंतर रूढ झाले. ग्वार गमची पूड पुढे डिझेलमध्ये कालवूनही वापरली जाई. अमेरिकेच्या २००५ च्या ऊर्जा कायद्याने फ्रॅकिंगला पेयजल सुरक्षा कायद्यातील भूमिगत द्रवभरणाच्या नियमांतून सूट दिली; डिझेलचा वापर मात्र त्या सवलतीबाहेर ठेवला.

गवारीचा बाजार

जगातील गवारीचे सुमारे ८० टक्के उत्पादन भारतात होते. राजस्थानच्या कोरडवाहू जमिनीत ती सर्वाधिक पिकते. हरियाणा व गुजरातमध्येही तिची लागवड होते. अमेरिकेत फ्रॅकिंग वाढताच २०११-१२ मध्ये गवारीचे भाव अनेक पटींनी चढले. मार्च २०१२ मध्ये वायदा बाजार आयोगाने तिचे वायदे थांबविले. ते मे २०१३ मध्ये पुन्हा सुरू झाले. २०१४ च्या उत्तरार्धात खनिज तेलाचे भाव कोसळले, तेव्हा गवारीचेही उतरले. पावसाच्या भरवशावर पेरणी करणाऱ्या शेतकऱ्याचे उत्पन्न असे टेक्सासमधील विहिरींशी बांधले गेले.

पर्याय

ग्वार गममधील न विरघळणारा गाळ भेगांत साचतो. तो कमी व्हावा म्हणून हायड्रॉक्सिप्रोपिल ग्वार हे त्याचे सुधारित रूप वापरतात. सेल्युलोजपासून केलेली संयुगे आणि साबणासारखी पृष्ठक्रियाशील द्रव्येही वापरात आहेत. शेल खडकात पुष्कळदा दाटपणाच टाळतात: पॉलिअॅक्रिलामाइडचा अल्प अंश घालून पाण्याचे नळीतील घर्षण कमी करतात व ते अतिशय वेगाने सोडतात. १९९० च्या दशकाच्या अखेरीस टेक्सासमधील बार्नेट शेलमध्ये ही रीत यशस्वी ठरली. तिला पाणी मात्र फार अधिक लागते.